रील करणाऱ्याचा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड : नेमके काय बदलते?

न्यूयॉर्कच्या एरिएल चार्नास यांनी २००९ मध्ये ‘समथिंग नेव्ही’ या नावाने आपल्या रोजच्या पेहरावाविषयी ब्लॉग सुरू केला. पुढे इन्स्टाग्रामवर त्यांचे दहा लाखांहून अधिक फॉलोअर झाले, आणि २०१८ मध्ये नॉर्डस्ट्रॉम या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीने त्याच नावाचे कपडे बाजारात आणले, ते हातोहात खपले. २०१९ च्या अखेरीस तो करार संपला, गुंतवणूकदारांकडून सुमारे १ कोटी डॉलरचे भांडवल उभे राहिले आणि जुलै २०२० मध्ये ‘समथिंग नेव्ही’ हा स्वतंत्र ब्रँड म्हणून स्वतःच्या संकेतस्थळावर दाखल झाला. पहिल्या अर्ध्या तासात १० लाख डॉलरची विक्री झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत पुरवठादारांच्या थकलेल्या बिलांच्या बातम्या येऊ लागल्या आणि २०२३ मध्ये हा ब्रँड दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला.

चेहरा तोच होता, फॉलोअर तेच होते, कपड्यांची आवडही तीच होती. बदलली होती ती एकच गोष्ट, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही या वाटेला जाऊ नये असे मला मनापासून वाटते. नॉर्डस्ट्रॉमच्या काळात न खपलेला कपडा नॉर्डस्ट्रॉमच्या गोदामात पडून राहत असे. स्वतंत्र झाल्यावर तो ब्रँडच्या स्वतःच्या गोदामात, स्वतःच्या पैशावर पडून राहू लागला. म्हणजे काम जवळपास तेच राहिले, पण जोखीम एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली.

इन्फ्लुएन्सरचे उत्पन्न कसे येते ते पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. एखाद्या कंपनीचा ड्रेस घालून रील केली तर ठरलेले मानधन मिळते. त्या ड्रेसचे पाचशे नग खपले काय किंवा पाच खपले काय, मानधनात फरक पडत नाही. लिंकवरून होणाऱ्या विक्रीवर कमिशन मिळत असेल तर कमाई कमी-जास्त होते, पण पदरचे काही जात नाही. त्यापुढची पायरी सहयोगाची किंवा परवान्याची. त्यात नाव आणि पसंती आपली असते, पण कापड, शिलाई, साठा आणि परत आलेला माल हे सगळे दुसऱ्या कंपनीचे असते आणि आपल्याला विक्रीचा ठरावीक टक्का मिळतो. स्वतंत्र ब्रँडमध्ये मात्र पैसा आधी आपल्या खिशातून जातो आणि ग्राहकाकडून नंतर, कधी कधी फार नंतर, परत येतो. नफ्याचा वाटा मोठा असतो हे खरे आहे. पण तो मोठा असतो तो जोखमीची किंमत म्हणूनच. ज्यांनी अजून एकही कपडा शिवून घेतलेला नाही त्यांनी आधी एखादा सहयोग करून पाहावा असे मी सांगेन, कारण कोणती साइज आधी संपते, कोणता रंग पडून राहतो आणि लोक कोणत्या कारणाने कपडा परत करतात हे सगळे त्यात दुसऱ्याच्या खर्चाने शिकायला मिळते.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते कापडापासून. महाराष्ट्रात राहणाऱ्याला या बाबतीत मोठीच सोय आहे: इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावचे यंत्रमाग, सोलापूरचा गणवेश शिवणारा उद्योग, उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने आणि मुंबईचे मंगळदास मार्केट हे सारे एका दिवसाच्या प्रवासात येते. टी-शर्टसारख्या होजिअरी कापडासाठी मात्र तमिळनाडूतील तिरुपूरकडे आणि कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी सुरतेकडे पाहावे लागते. कापड घेताना चार गोष्टी विचाराव्यात : पन्हा किती, वजन किती जीएसएम, धुतल्यावर किती आटते आणि तोच रंग पुन्हा मिळेल का. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका कुर्त्याला जेवढी लांबी लागते त्यापेक्षा ५८ इंचाच्या पन्ह्यात कमी लागते, त्यामुळे केवळ मीटरचा भाव ऐकून कोणते कापड स्वस्त पडेल हे ठरवता येत नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. कॅमेऱ्यात हे वजन दिसत नाही, पण ग्राहकाने पार्सल उघडून कपडा हातात घेतला की पहिल्या क्षणी तेच कळते.

आटण्याचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नव्या ब्रँडच्या कितीतरी तक्रारी तिथूनच सुरू होतात. ४४ इंच लांबीचा सुती कुर्ता पहिल्या धुण्यात चार टक्के आटला तर तो जवळजवळ पावणेदोन इंचांनी आखूड होतो, आणि मग तो ग्राहक पुन्हा आपल्याकडे येत नाही. यावर उपाय सोपा आहे. कापडाचा ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापावा, तो घरच्या पद्धतीने तीन वेळा धुऊन वाळवावा आणि पुन्हा मोजावा. ४८ सेंटिमीटर भरला तर कापड चार टक्के आटते असे समजावे, आणि एक तर आधीच आटवून घेतलेले कापड मागावे किंवा कटिंगमध्ये तेवढी सूट ठेवावी. त्याच धुण्यात पांढरा रुमाल सोबत टाकला तर रंग उतरतो का तेही कळते.

चौथा प्रश्न रंगाचा. यंत्रमागावर कच्चे कापड, म्हणजे ग्रे, विणले जाते आणि रंगाई वेगळ्या ठिकाणी खेपेखेपेने होते. एका खेपेचा निळा आणि दुसऱ्या खेपेचा निळा तंतोतंत जुळेलच असे नाही. शिवाय रंगाई करणारा ठरावीक मीटरपेक्षा कमी कापड घेत नाही. बाजारात तयार पडलेला ताका, म्हणजे कापडाची गुंडाळी, घेतला तर ही अट टळते, पण तो ताका संपल्यावर तेच कापड पुन्हा मिळण्याची खात्री राहत नाही. ज्या ब्रँडचा पहिला कुर्ता खूप गाजला आणि दुसऱ्यांदा तो करताच आला नाही, त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

कापडानंतर पॅटर्न येतो. इन्फ्लुएन्सर स्वतः एकाच मापाची असते आणि तिच्या अंगावर कपडा सुंदर बसतो, कारण तो तिच्यासाठीच बेतलेला असतो; ब्रँडला मात्र पाच-सहा मापांच्या स्त्रियांना तोच कपडा तितकाच नीट बसवून द्यायचा असतो. एका मापाच्या पक्क्या पॅटर्नवरून बाकीची मापे काढण्याच्या कामाला ग्रेडिंग म्हणतात. छाती एका साइजमागे साधारण दोन इंचांनी वाढवली जाते, पण खांदा त्या प्रमाणात वाढवून चालत नाही, नाहीतर मोठ्या साइजमध्ये खांदा दंडावर उतरतो. मुंढा (बाही जोडण्याची जागा), बाहीची गोलाई, गळ्याची खोली यांचे प्रत्येकाचे वेगळे प्रमाण असते. म्हणून चांगल्या पॅटर्न मास्टरची मजुरी वाचवू नये. एका नमुन्यावर समाधान न मानता प्रत्येक साइजचा एकेक नग शिवून घ्यावा आणि त्या त्या मापाच्या खऱ्या व्यक्तीला घालायला लावून चालायला, बसायला आणि हात वर करायला सांगावे. भारतीयांची शरीरयष्टी परदेशी मापांत बसत नाही, हे ओळखूनच केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्टकडे (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे) ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प सोपवला आणि सहा शहरांतील २५ हजार लोकांची मापे घेण्याचे ठरवले. तेव्हा परदेशी ब्रँडचा साइज-चार्ट उतरवून घेणे ही चूकच आहे.

साइजमुळे आणखी एक अडचण येते आणि ती थेट पैशाला भिडते. चार डिझाइन, प्रत्येकाचे तीन रंग आणि पाच साइज म्हटले की साठ वेगवेगळे प्रकार होतात. प्रत्येकाचे फक्त दहा नग केले तरी सहाशे कपडे झाले. त्यात मधल्या साइज आधी संपतात, टोकाच्या उरतात, आणि ‘स्टॉक आहे’ असे आपण म्हणत असताना मागणी असलेल्या ग्राहकाला हवी ती साइज मिळतच नाही. म्हणून पहिला संग्रह जितका अरुंद ठेवता येईल तितका ठेवावा. एकच कुर्ता, दोन रंग आणि पाच साइज ही सुरुवात कॅमेऱ्यासमोर फार छोटी वाटते, पण हिशोबात तीच टिकते.

तो हिशोब एकदा मांडून पाहू. यातील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा सुती कुर्त्याची किंमत करासह १,४९९ रुपये ठेवली. त्यातून ५ टक्के जीएसटीचे सुमारे ७१ रुपये सरकारकडे गेले की आपले १,४२८ उरतात. कुर्ता तयार व्हायला कापड ३५०, शिलाई १८० आणि बटण, लेबल, इस्त्री, पॅकिंग मिळून ७०, असे ६०० रुपये लागले. इथपर्यंत पाहणाऱ्याला वाटते की एका कुर्त्यामागे आठशेहून अधिक रुपये सुटतात. आता शंभर ऑर्डर आल्या आणि त्यांतील वीस परत आल्या असे धरा. विकलेल्या ऐंशी कुर्त्यांचे १,१४,२४० रुपये आले. त्यांचा निर्मितीखर्च ४८,०००, शंभर पार्सले पाठवण्याचे प्रत्येकी ८० प्रमाणे ८,०००, वीस परत आणण्याचे १,६००, ऑनलाइन पेमेंटचे शुल्क ३,००० आणि ऑर्डरमागे २०० रुपये जाहिरातीचे धरले तर २०,०००. एकूण ८०,६०० रुपये गेले आणि ३३,६४० उरले, म्हणजे विकलेल्या कुर्त्यामागे ४२० रुपये.

हेही पूर्ण चित्र नाही. तीनशे कुर्ते शिवायला १,८०,००० रुपये आधी गेलेले असतात. त्यांपैकी २१० पूर्ण किमतीला गेले तर वरच्या हिशोबाने ८८,२०० रुपये हाती उरतात, पण ९० कुर्ते शिल्लक राहतात आणि त्यांत ५४,००० रुपये अडकतात. म्हणजे दिसायला सत्तर टक्के माल खपलेला असूनही प्रत्यक्ष मोकळे झालेले ३४,२०० रुपयेच. त्यातूनच नमुन्यांचा, फोटोंचा, गोदामाचा आणि मदतनिसाच्या पगाराचा खर्च भागवायचा असतो. अर्ध्या तासात १० लाख डॉलरची विक्री करणारा ब्रँडही कसा अडचणीत येऊ शकतो, हे या छोट्या आकड्यांवरून कळते. विक्रीचा आकडा मोठा असणे आणि पैसा मोकळा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉलोअर असल्यामुळे जाहिरातीचे २०० रुपये वाचतील हा इन्फ्लुएन्सरचा खरा फायदा आहे, आणि तो लहान नाही. मात्र आपल्या खात्यावरचे चाहते दोन-तीन संग्रह घेऊन झाले की नव्या ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी तिलाही इतरांसारखाच खर्च करावा लागतो.

परत येणाऱ्या मालाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आपल्याकडे पार्सल हातात आल्यावर रोख पैसे देण्याची पद्धत लोकांना आवडते, कारण नव्या दुकानावर त्यांचा विश्वास बसलेला नसतो. पण ग्राहकाने दार उघडले नाही, फोन उचलला नाही किंवा त्या दिवशी हातात पैसे नसले की पार्सल जसेच्या तसे परत फिरते. कुरिअरवाले त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. दोन्ही बाजूंचे भाडे आपल्यालाच पडते आणि तो कुर्ता पंधरा-वीस दिवस ना विकता येत ना मोजता येत. ऑर्डर पाठवण्याआधी फोनवर खात्री करून घेणे आणि आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सवलत देणे हे साधे उपाय बऱ्यापैकी लागू पडतात. कपडा अंगावर न बसल्यामुळे येणारे परतावे मात्र फोनने कमी होत नाहीत. त्यासाठी तयार कपड्याची इंचातील मापे आणि वेगवेगळ्या बांध्यांच्या स्त्रियांनी तो घातलेले व्हिडिओ द्यावे लागतात. ही गोष्ट इन्फ्लुएन्सरइतकी चांगली दुसरे कोणी करू शकत नाही.

वेळेचे गणितही बदलते. पैसे घेऊन केलेली पोस्ट आठवड्याभरात होते. कापड, नमुना, ग्रेडिंग, शिलाई आणि तपासणी यांना तीन-चार महिने सहज लागतात. दिवाळीत विकायचा माल जूनमध्ये ठरलेला असावा लागतो, आणि जूनमध्ये दिवाळीचा रंग निवडण्यासाठी ट्रेंडपेक्षा आपल्या ग्राहकाची जाण अधिक उपयोगी पडते.

कायद्याच्या बाजूतील काही गोष्टी चटकन सांगता येतील. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर, काही हस्तकलांचा अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून करापूर्वी २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. त्यामुळे २,५०० चा ड्रेस ग्राहकाला २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा थेट ३,०६८ ला, हे किंमत ठरवतानाच लक्षात घ्यावे. ब्रँडच्या नावासाठी कपड्यांच्या पंचविसाव्या वर्गात ट्रेडमार्कचा अर्ज करावा. इन्स्टाग्रामवर नाव आपले आहे म्हणून कायद्याने ते आपले होत नाही. लहान शिलाई कारखान्याची नोंद सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून असेल तर २००६ च्या कायद्यानुसार त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. कायदा नसता तरी ते द्यायलाच हवेत, कारण त्या कारखान्यातील कारागिरांची मजुरी त्याच पैशातून निघते.

डिझाइनबाबत मात्र इन्फ्लुएन्सरची सवयच तिच्या आड येते. कपड्यावरील छापील नक्षी किंवा आकार यांची डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करता येते, पण ते डिझाइन त्याआधी कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे अशी अट आहे. अर्ज करण्यापूर्वी ‘पुढच्या महिन्यात येतंय’ म्हणून रीलमध्ये नक्षी दाखवली की तिचे नवेपण कायद्याच्या दृष्टीने संपते. नोंदणी केली नाही आणि ती नक्षी पन्नासहून अधिक वेळा औद्योगिक पद्धतीने वापरली तर त्या डिझाइनवरील कॉपीराइटही उरत नाही. मग हुबेहूब नक्कल बाजारात आली तरी हाती फारसे काही राहत नाही.

जाहिरातीची जबाबदारीही दुप्पट होते. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसे स्पष्ट लिहावे, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम जून २०२१ पासून आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तीच चूक झाली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःच्या ब्रँडमध्ये या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात, त्यामुळे ‘शुद्ध सुती’, ‘हातमागाचे’, ‘नैसर्गिक रंग’ असे शब्द बिल हातात असल्याशिवाय वापरू नयेत.

या ठिकाणी इटलीच्या कियारा फेरान्यी यांचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनीही २००९ मध्येच ब्लॉग सुरू केला आणि त्यातून बूट, कपडे, चष्मे असा मोठा पसारा उभा केला. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१५ मध्ये त्यांच्या व्यवसायावर अभ्यासप्रकरण (केस स्टडी) केले. २०२२ च्या नाताळात त्यांच्या नावाचा गुलाबी केक बाजारात आला. त्याच्या विक्रीतून तुरीनच्या रुग्णालयातील मुलांना मदत मिळते असे लोकांना वाटले, पण ५० हजार युरोची देणगी केक बनवणाऱ्या कंपनीने विक्री सुरू होण्याआधीच दिलेली होती आणि विक्रीशी तिचा संबंध नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने फेरान्यी यांच्या कंपन्यांना १० लाख युरोंहून अधिक दंड केला, आणि त्याच महिन्यात चष्मे बनवणाऱ्या साफिलो कंपनीने त्यांच्याशी असलेला परवाना-करार रद्द केला. केकमधील चुकीची किंमत चष्म्याला मोजावी लागली, कारण दोन्हींवर नाव एकाच व्यक्तीचे होते. म्हणून ब्रँडचे नाव स्वतःच्या नावापेक्षा वेगळे ठेवावे असे माझे मत आहे. सुरुवातीला ओळख पटायला थोडा वेळ लागतो, पण पुढे ब्रँडला स्वतःच्या पायावर उभे राहता येते.

दुसऱ्याच्या अंगणात, म्हणजे दुसऱ्याच्या अॅपवर, दुकान मांडण्याचा धोकाही असाच आहे. २९ जून २०२० ला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील किती तरी जणांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत नाहीसे झाले. फॉलोअरची यादी कधीच आपली नसते. विकत घेणाऱ्या ग्राहकाचा परवानगीने घेतलेला फोन नंबर, त्याचे माप आणि त्याने पूर्वी काय घेतले याची नोंद मात्र आपली असते. पहिल्या ऑर्डरपासून ही नोंदवही ठेवावी.

तीच नोंदवही दुसरा संग्रह ठरवताना उघडावी. पहिल्या दिवशीची विक्री प्रेमापोटी, कुतूहलापोटी किंवा ओळखीपोटी झालेली असू शकते. ज्या ग्राहकांनी चार महिन्यांनी सवलत नसताना पुन्हा कुर्ता मागवला, त्यांची संख्या मोजावी, त्यांच्या साइज पाहाव्यात, त्यांना फोन करून बाहीपासून धुलाईपर्यंत सगळे विचारावे आणि कापडवाल्याला पुढच्या ताक्यांची ऑर्डर त्या संख्येवरून द्यावी.